वर्षभरात तिसरा रेडिएटर : गाडी पुन्हापुन्हा का तापते आणि पाणी जाते कुठे?

गेल्या उन्हाळ्यात सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतून टॉवेल आणि चादरींचे गठ्ठे वाहणारी एक पिकअप गाडी आमच्या दुरुस्तीच्या दुकानात आली, तेव्हा तिच्यात बसवलेला रेडिएटर (इंजिनाचे तापलेले पाणी थंड करणारी नळ्यांची जाळी) वर्षभरातला तिसरा होता आणि तोही तापत होता. बाजारातला माल हलका येतो, आता मूळ कंपनीचाच बसवा, एवढेच मालकाचे म्हणणे होते. आम्ही त्यांना आधीचे दोन रेडिएटर घेऊन यायला सांगितले. ते सुदैवाने भंगारात न जाता घरच्या माळ्यावर पडून होते. तिन्ही शेजारी मांडून पाहिले, तर पहिल्याची प्लास्टिकची टाकी फाटलेली, दुसऱ्याच्या नळ्यांना सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडलेली आणि तिसरा आतून बुजत आलेला, अशी तिघांची तीन वेगळी दुखणी निघाली. माल हलका असता, तर तिघांनी एकाच जागी दगा दिला असता. रेडिएटर बहुधा दुसऱ्याच कशामुळे तरी खराब होतो, आणि ते दुसरे काही गाडीत तसेच राहिले, तर नवा रेडिएटरही त्याच वाटेने जातो. म्हणून नव्यावर पैसे घालण्याआधी काय तपासावे, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

गाडी तापते ती नेमकी केव्हा

‘गाडी तापते’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही. सात रस्त्याच्या गर्दीत किंवा आषाढीच्या दिवसांत पंढरपूरच्या वाटेवर दिंड्यांच्या मागे मुंगीच्या गतीने जाताना काटा वर चढत असेल आणि मोकळा रस्ता लागताच तो आपोआप खाली येत असेल, तर दोष हवेच्या बाजूचा आहे. अशा वेळी पंखा, त्याचा रिले, फ्यूज आणि तापमानाचा सेन्सर पाहावा. दोन वेगांचा पंखा असलेल्या गाडीत कमी वेगाचा रेझिस्टर जळालेला अनेकदा सापडतो. पंखा पूर्ण वेगाने फिरतो, पण फार उशिरा फिरतो, त्यामुळे तो चालू आहे असे वाटून सगळे त्याला निर्दोष ठरवतात. ट्रकमध्ये पंखा इंजिनाला जोडणारा क्लच असतो. तापलेले इंजिन बंद केल्यावर पंखा एखाद्या फेऱ्यात थांबायला हवा. तो भिंगरीसारखा फिरत राहिला, तर क्लच गेला असे समजावे.

उलट, शहरात गाडी ठीक चालते, पण पुणे महामार्गावर वेग धरल्यावर किंवा भरलेल्या गाडीने तुळजापूरचा घाट चढताना तापते, तर दोष पाण्याच्या प्रवाहाचा असतो. जाळीच्या नळ्या आतून बुजलेल्या असतात, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) अर्धवटच उघडत असतो, वॉटर पंपाची पाती झिजलेली असतात किंवा खालचा होज (रबरी नळी) मऊ पडून वेगात आत ओढला जातो आणि चपटा होतो. हा शेवटचा दोष गाडी उभी असताना दिसत नाही. कोणीतरी ॲक्सिलरेटर दाबून धरावा लागतो आणि दुसऱ्याने खाली वाकून होजकडे पाहावे लागते.

पहाटे थंड गाडी सुरू केल्यावर मिनिटभरातच, पाणी अजून कोमटही झालेले नसताना, वरचा होज दगडासारखा कडक होत असेल, तर रेडिएटरचा विचार सोडून हेड गॅस्केटकडे, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि सिलिंडर यांच्या मधल्या पट्टीकडे, वळावे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा होज सकाळीही फुगलेला असणे हे त्याच दोषाचे दुसरे लक्षण आहे, कारण सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरून तेथेच कोंडलेला असतो. आणखी एक इशारा असा, की पाणी अगदीच संपले, तर काटा वर न जाता खालीही येऊ शकतो, कारण सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच तो खरे तापमान सांगतो. काटा खाली आला म्हणून निश्चिंत होऊन गाडी पुढे हाकणाऱ्यांची हेड वाकडी झालेली आम्ही पाहिली आहेत.

काढलेल्या रेडिएटरची तपासणी

जुना रेडिएटर भंगारवाल्याला देण्याआधी अर्धा तास त्याच्याजवळ बसावे, इतकी माहिती त्यात असते.

टाकी फाटली असेल, तर दाबाची चौकशी करावी. बहुतेक गाड्यांच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. तो बारमधला दाब आहे. झाकण ०.९ बारचा दाब धरून ठेवते, म्हणून आतले पाणी शंभराऐवजी सुमारे ११८ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. झाकणाची स्प्रिंग सैल झाली, की पाणी लवकर उकळून बाहेर पडते. स्प्रिंग जाम झाली किंवा कोणी जास्त आकड्याचे झाकण बसवले, की प्लास्टिकची टाकी तिच्या कडेला तडकते. आमच्या पिकअपला १.३ चे झाकण होते आणि टाकीच्या मानेवर ०.९ कोरलेले होते. आधी कोणीतरी पाणी उकळते म्हणून ‘घट्ट’ झाकण आणून बसवले होते. झाकणाला आत एक छोटी उलटी झडपही असते. गाडी थंड होताना ती जादा पाण्याच्या बाटलीतले पाणी परत आत घेते. ती चिकटली, की बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा असा विचित्र प्रकार दिसतो आणि मालकाला पाणी कमी झाल्याचा पत्ताच लागत नाही.

नळ्यांना आतून बारीक खड्डे आणि छिद्रे पडलेली असतील, तर दोन शक्यता आहेत. एक म्हणजे कूलंटमधली (इंजिन थंड ठेवण्यासाठी भरतात त्या द्रावातली) गंजरोधक द्रव्ये केव्हाच संपून गेलेली असणे किंवा कूलंट मुळात घातलेलेच नसणे. दुसरी म्हणजे कूलंटमधून वीज वाहणे. ही दुसरी शक्यता फार थोडे लोक तपासतात, म्हणून ती जरा विस्ताराने सांगतो. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवावा, काळी तार बॅटरीच्या ऋण टोकाला लावावी आणि लाल तारेचे टोक, इंजिन थंड असताना झाकण काढून, धातूला न लावता कूलंटमध्ये बुडवावे. आधी सगळे बंद ठेवून आकडा पाहावा. मग इंजिन चालू करावे आणि पंखा, दिवे, हॉर्न असे एकेक चालू करीत जावे. ०.१ व्होल्टपर्यंत काळजी नाही, ०.३ च्या वर गेला, तर कुठलीतरी अर्थिंग सैल आहे आणि वीज परतीच्या वाटेसाठी कूलंट वापरते आहे, असा त्याचा अर्थ. ज्या वस्तूचा स्विच दाबताच आकडा उडी मारतो, तीच दोषी. पिकअपच्या बाबतीत ती वस्तू म्हणजे छतावर नंतर लावलेली एलईडीची पट्टी होती. तिची अर्थची तार रेडिएटरच्याच ब्रॅकेटच्या स्क्रूखाली दाबलेली होती. ती तार आणि इंजिनची मुख्य अर्थिंग नीट करून घेतल्यावर आकडा ०.०५ वर आला. हे काम दहा मिनिटांचे होते आणि त्यापायी एक अख्खा रेडिएटर गेला होता.

जाळी बाहेरून बुजलेली असेल, तर ती आपल्या शहराची खूण समजावी. यंत्रमागांच्या परिसरात फिरणाऱ्या गाड्यांच्या जाळीत सुताची लव बसते, उसाच्या वाहतुकीतल्या ट्रॅक्टरांच्या जाळीत पाचटाचा भुसा बसतो, आणि उरलेल्यांत नुसती धूळ. हा थर बहुधा पुढून दिसत नाही. तो एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत गादीसारखा जमतो, त्यामुळे पुढून पाहिले तर सगळे स्वच्छ दिसते. समोरून जोराचे पाणी मारले, की ही गादी आणखी घट्ट बसते. शक्य असेल तेथे कंडेन्सर सैल करून इंजिनाच्या बाजूने पुढे, हलक्या धारेने पाणी सोडावे. जोराच्या पंपाची धार जवळून मारली, तर ॲल्युमिनियमचे पत्रे आडवे होतात आणि मग हवा कधीच नीट जात नाही.

नळ्या टाकीच्या सांध्याजवळ तुटल्या असतील, तर रेडिएटर ज्यांवर बसतो त्या बुशांची रबरे पाहावीत. रबर गेले, की प्रत्येक खड्ड्यात रेडिएटर हादरतो.

पाणी

तिसरा रेडिएटर आतून बुजला होता, आणि सोलापुरात हेच दुखणे सर्वांत जास्त आढळते. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते. ते पिण्यासाठी जपून ठेवले जाते आणि गाडीत ओतायला बोअरचे पाणी वापरले जाते, यात कोणाची चूक काढावी असे वाटत नाही. परंतु बोअरचे पाणी जड असते. त्यातले कॅल्शियमचे क्षार पाणी तापताच वेगळे होतात आणि सर्वांत गरम जागी, म्हणजे इंजिनाच्या हेडमध्ये, चुन्यासारखे बसतात. मग त्याचे पापुद्रे सुटून नळ्यांत अडकतात. हा थर ॲल्युमिनियमच्या तुलनेत उष्णता फारच कमी वाहून नेतो, त्यामुळे पत्र्याच्या जाडीचा थरही पुरेसा त्रास देतो.

एकदा भरलेले जड पाणी मात्र एकदाच क्षार टाकते. खरे नुकसान रोज ओतलेल्या लिटरभराने होते, कारण पाणी वाफेवाटे किंवा गळून जाते, क्षार आत राहतात आणि प्रत्येक भरणीबरोबर नवे येतात. म्हणजेच आतून बुजलेला रेडिएटर सांगतो ते असे, की गाडीतले पाणी कुठेतरी सतत जात होते. अलीकडे आणखी एक चुकीची समजूत ऐकू येते, की घरच्या आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी ‘फिल्टरचे’ असते, म्हणून ते गाडीला चालते. ते टाकाऊ पाणी आहे; मूळ पाण्यातले क्षार त्यात अधिक दाट झालेले असतात, आणि ते बोअरच्या पाण्याहूनही वाईट. गाडीसाठी बॅटरीचे डिस्टिल्ड पाणी घ्यावे.

कूलंटच्या बाटलीवर आयएस ५७५९ किंवा जेआयएस के २२३४ असे लिहिलेले आहे का, ते पाहावे आणि रंगावर विसंबू नये. हिरवा, लाल, गुलाबी हे रंग कंपन्या आपल्या मर्जीने घालतात. वेगवेगळ्या घडणीचे दोन कूलंट एकत्र झाले, तर त्यांची गंजरोधक शक्ती घटते आणि काही वेळा जेलीसारखा गाळ तयार होतो. येथे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असे विचारणाऱ्यांना आम्ही सांगतो, की कूलंट आपल्याकडे गंज टाळण्यासाठी आणि उत्कलनबिंदू वाढवण्यासाठी घालायचे असते. ते चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते, म्हणून काढलेले कूलंट उघड्या घमेल्यात ठेवू नये. कुत्री, मांजरे आणि लहान मुले यांना त्याचा धोका असतो.

हीटर कॉइल : जेथे कोणी पाहत नाही

पिकअपच्या पाण्याचा शोध घेताना आम्ही थंड इंजिनावर हातपंपाने ०.९ बारचा दाब दिला आणि पंधरा मिनिटे काट्याकडे पाहत बसलो. काटा हळूहळू उतरत होता, परंतु इंजिनाखाली एक थेंब पडत नव्हता. मग डाव्या बाजूची मॅट उचलली, तर खालचे कापड ओले आणि चिकट होते. हीटर कॉइल म्हणजे डॅशबोर्डच्या आत बसवलेला छोटा रेडिएटरच. इंजिनाचे गरम पाणी त्यातून फिरते आणि त्यावरून वाहणारी हवा आत येते. आपल्याकडे हीटर लावण्याची वेळ फारशी येत नाही, त्यामुळे ती गाडीत आहे याचाच विसर पडतो. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, जानेवारीच्या थंडीत, एखाद्या पहाटे कोणी हीटर लावतो, आतून गोडसर वास येतो आणि काचेवर पुसूनही न जाणारा तेलकट धुरळा बसतो, तेव्हा ती गळत असल्याचे प्रथम समजते.

येथे एक घोटाळा हमखास होतो. एसीच्या पाण्याची निचऱ्याची नळी तुंबली, तरी मॅट ओलीच होते. ते पाणी स्वच्छ, बिनवासाचे आणि बोटांना न चिकटणारे असते, आणि एसी बंद ठेवला की ओल थांबते. कूलंट असेल, तर ते बोटांना बुळबुळीत लागते, त्याला रंग आणि वास असतो. हा फरक न पाहता संपूर्ण डॅशबोर्ड उतरवून चांगली हीटर कॉइल बदलल्याची उदाहरणे आहेत. तार घालून तुंबलेली नळी मोकळी केली असती, तर भागले असते.

हीटर कॉइलमुळे होणारा दुसरा त्रास अधिक छुपा आहे. ज्या गाड्यांत हीटरला पाण्याचा व्हॉल्व्ह असतो, त्यांत तो वर्षानुवर्षे बंद राहतो. फ्लशिंग (पाण्याची वाट आतून धुणे) करताना कोणी तो उघडत नाही. इंजिन आणि रेडिएटर धुतले जातात, पण कॉइलमधला जुना गाळ तसाच राहतो. पुढे कधीतरी व्हॉल्व्ह उघडतो किंवा गळू लागतो आणि नवे, स्वच्छ कूलंट महिनाभरात तांबडे होते. ‘फ्लशिंग करूनही पाणी पुन्हा तांबडे’ या तक्रारीचे कारण आम्हाला अनेकदा तेथेच सापडले आहे. म्हणून फ्लशिंग करताना हीटरचे बटण पूर्ण गरमवर असावे, आणि कॉइलचे दोन्ही होज सोडून ती हलक्या दाबाच्या पाण्याने उलट दिशेने वेगळी धुवावी.

गळणारी कॉइल बदलायला वेळ लागतो, म्हणून तिचे दोन होज एका यू आकाराच्या पाइपने जोडून तिला वळसा घालण्याची पद्धत रूढ आहे. तात्पुरता उपाय म्हणून ती चालते. मात्र त्याऐवजी दोन्ही होजना बुच मारणे हा धोका आहे, कारण काही इंजिनांत थर्मोस्टॅट बंद असताना पाणी फिरण्याची वाट हीटरमधूनच जाते. ती बंद झाली, की गरम पाणी थर्मोस्टॅटपर्यंत वेळेवर पोहोचत नाही. वळसा घातलेल्या गाडीत एक सोयही जाते: रस्त्यात गाडी तापू लागली, तर एसी बंद करून हीटर आणि ब्लोअर पूर्ण चालू केल्यास थोडी उष्णता निघून जाते आणि पुढच्या गॅरेजपर्यंत पोहोचता येते. मे महिन्यात हे सोसणे सोपे नाही, पण हेड वाचते.

जे उपाय करू नयेत

हळदीची पूड रेडिएटरमध्ये टाकून गळती थांबवणे हे ट्रकचालकांचे जुने औषध आहे, आणि जाड नळ्यांच्या जुन्या तांब्याच्या रेडिएटरमध्ये ते आडरानात वेळ मारून नेते, हे मान्य करायला हवे. परंतु ॲल्युमिनियमच्या बारीक नळ्या आणि हीटर कॉइल त्याने आधी बुजतात. आमच्या तिसऱ्या रेडिएटरच्या खालच्या टाकीत चुन्याबरोबर पिवळा चिखलही होता. थर्मोस्टॅट काढून टाकणे हा दुसरा लाडका उपाय. काही इंजिनांत थर्मोस्टॅटच बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करतो. तो काढला, की बरेचसे पाणी रेडिएटरला न जाता इंजिनातच घुमत राहते आणि गाडी जास्त तापते. थर्मोस्टॅटवर शंका असेल, तर तो पातेल्यात पाण्यात टाकून उकळावा. त्यावर कोरलेल्या तापमानाजवळ, बहुधा ८२ ते ८८ अंशांत, तो उघडू लागायला हवा. तिसरा उपाय संडास धुण्याच्या आम्लाने रेडिएटर धुण्याचा. ते चुना खाते, तसेच ॲल्युमिनियमही खाते.

दुरुस्ती की बदली

तांबे-पितळेचा रेडिएटर असेल, तर दुरुस्तीला भरपूर वाव असतो. टाकी झाळ काढून उघडावी, नळ्यांतून चपटा रॉड मारावा, फुटलेली जागा डाख देऊन बंद करावी आणि पाण्याच्या हौदात बुडवून हवेच्या दाबाने तपासावे. ॲल्युमिनियमच्या नळ्यांत रॉड मारता येत नाही, आणि प्लास्टिकच्या टाकीला चिकटद्रव्याने सांधलेली भेग गरम-थंड होताना पुन्हा उघडते. टाकी आणि जाळी यांच्या मधले रबर गळत असेल, तर कडेच्या पट्ट्या उघडून ते बदलता येते. पण त्या पट्ट्या पुन्हापुन्हा वाकवल्या की तुटतात. ऑटोमॅटिक गाडीत गिअरचे तेल थंड करणारी नळी बहुधा रेडिएटरच्या टाकीतच असते. अशा गाडीत पाण्यावर दुधाळ, सायीसारखा थर दिसला, तर इंजिन सुरू करू नये. तेच पाणी गिअरबॉक्समध्ये गेलेले असू शकते.

नवा रेडिएटर बसवण्याआधी सगळी पाणीवाट धुवावी, नाहीतर इंजिनातला चुना पहिल्याच आठवड्यात नव्या नळ्यांत जाऊन बसतो. झाकण, थर्मोस्टॅट आणि क्लिपा नव्या घ्याव्यात. भरताना हीटर गरमवर ठेवावा, गाडीचे तोंड थोडे उंच करावे, हवा काढण्याचा स्क्रू असेल तर तो सैल करावा आणि कूलंट बारीक धारेने ओतावे. पंखा दोनदा चालू होऊन बंद होईपर्यंत इंजिन फिरू द्यावे, ब्लोअरमधून गरम हवा येते का ते पाहावे आणि इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच झाकण उघडून पातळी भरावी. गरम असताना झाकण उघडले, की दाब सुटताक्षणी पाण्याची वाफ होऊन तोंडावर येते, आणि फडके धरूनही ती थांबत नाही.

पिकअपला आम्ही ०.९ चे झाकण, नवी हीटर कॉइल आणि चौथा रेडिएटर बसवला, एलईडीची अर्थिंग वेगळी केली आणि बाटलीवर पातळीची रेघ ओढून दिली. ती रेघ दर सोमवारी सकाळी, इंजिन थंड असताना, पाहायची आहे. सुरुवातीला अडकलेली हवा निघते, तेव्हा पातळी थोडी उतरते. त्यानंतर महिन्याभरात बोटभरही उतरली, तर पाणी न ओतता गाडी दाबाच्या तपासणीला आणावी, असे ठरले आहे.